पाव मिलिमीटरचा ताप

गॅस टर्बाइनच्या (विमानाच्या जेट इंजिनात किंवा गॅसवरच्या वीज केंद्रात तापलेल्या गॅसच्या झोताने फिरणारं यंत्र) पहिल्या रांगेतल्या ब्लेडवरून, म्हणजे पात्यावरून, जो गॅस वाहतो तो आजकालच्या मोठ्या मशीनमध्ये १५०० डिग्रीच्या आसपास असतो, आणि ते ब्लेड ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो १३००-१३५० डिग्रीला वितळायला लागतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छापताना आकड्यांची अदलाबदल झालीये. झाली नव्हती. धातू स्वतःच्या वितळबिंदूच्या वरच्या गॅसमध्ये तासन्‌तास राहतो, नुसता राहत नाही तर मिनिटाला हजारो फेरे मारतो, आणि तरी टिकतो. तो कसा टिकतो, आणि तिथलं तापमान मोजायचं कसं, त्याची ही गोष्ट.

टिकतो तो दोन गोष्टींमुळे. एक तर ब्लेड आतून पोकळ असतं आणि त्याच्या पोटातल्या बारीक नागमोडी वाटांमधून कॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनात आलेली हवा दाबणाऱ्या भागाची, हवा खेळवलेली असते. ही "थंड" हवा पण ६०० डिग्रीच्या आसपास असते बरं का, म्हणजे आपल्या दृष्टीने भट्टीच, पण १५०० समोर असताना तिला थंडच म्हणायचं. दुसरी गोष्ट म्हणजे ब्लेडच्या अंगावर बाहेरून दिलेला सिरॅमिकचा पातळ लेप, थर्मल बॅरियर कोटिंग, इंजिनवाले नुसतं टीबीसी म्हणतात. इथे बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो, त्यांना वाटतं लेपच सगळं काम करतो. पण आतली हवा बंद केली तर लेप असून नसल्यासारखा, थोड्या वेळात आतबाहेर सगळं सारखंच तापणार. पूर्वी बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून न्यायचे, तिथे भुसा काही थंड करत नव्हता, आतला बर्फ थंड होता आणि भुसा फक्त बाहेरचं ऊन आत जायला उशीर लावत होता. तसंच हे.

माझ्या आजीकडे चुलीवर पातेलं चढवायच्या आधी बुडाला बाहेरून मातीचं लेवण लावायचे, काजळी आणि जाळ जे काय खायचं ते लेवणाने खायचं, भांडं वाचायचं. ब्लेडवरचं लेवण मात्र जरा महागडं असतं. झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) आणि त्यात वजनाने ७-८ टक्के यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड). यिट्रिया कशाला, तर नुसता झिर्कोनिया ११७० डिग्रीच्या आसपास आतली रचना बदलतो आणि गार होताना परत जुन्या रचनेत जातो, आणि परत जाताना ४-५ टक्के फुगतो, म्हणजे इंजिन चार वेळा चालू-बंद केलं की लेपाचे पोपडे निघाले म्हणून समजा. यिट्रियामुळे हा प्रकार थांबतो. यिट्रियाचं प्रमाण अजून वाढवून स्फटिक केला तर तो आपला अमेरिकन डायमंड, तोच जो नथीत आणि कानातल्यात बसवतात. हे लक्षात ठेवा, पुढे याच नात्याने घोळ घातलाय.

धातू आणि सिरॅमिक एकमेकांना थेट नीट धरत नाहीत म्हणून मध्ये एक १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा धातूचाच थर असतो, बाँड कोट. त्यात ॲल्युमिनियम भरपूर असतं आणि ते वरून झिरपत येणाऱ्या ऑक्सिजनशी मिळून ॲल्युमिनाचा एक अगदी बारीक थर तयार करतं, तो काही मायक्रॉनचा. हा थर जितका तापेल तितका भराभर जाड होतो आणि एका मर्यादेपलीकडे जाड झाला की तिथूनच वरचा सगळा लेप सुटायला लागतो. बाँड कोट आणि सिरॅमिकच्या मधली ही सांधाजागा म्हणजे सगळ्या गोष्टीतलं नाजूक दुखणं.

आता तापमान मोजायचंय. कुठलं?

विमानाच्या ब्लेडवर सिरॅमिकचा थर साधारण १०० ते ३०० मायक्रॉन असतो, आपण २५० धरू, पाव मिलिमीटर. त्यातून आरपार जाणारी उष्णता दर चौरस मीटरला १० लाख वॅटच्या घरात धरू. लेपाची उष्णता वाहून न्यायची ताकद फार कमी, दर मीटरला दर डिग्रीला १ ते १.५ वॅट. शाळेतलं सूत्र लावलं की लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागात फरक येतो १७० ते २५० डिग्रीचा. पाव मिलिमीटरमध्ये! म्हणजे दर मायक्रॉनला पाऊण-एक डिग्री. डोक्यावरच्या एका केसाइतकं खाली उतरलात की तापमान ५०-७५ डिग्रीने बदललेलं. त्यामुळे "लेपाचं तापमान किती" हा प्रश्न म्हणजे "बोरघाटात रस्त्याची उंची किती" असं विचारल्यासारखा आहे, खोपोलीला विचारताय की खंडाळ्याला ते आधी सांगा ना.

आणि दोन्ही टोकं महत्त्वाची आहेत, वेगवेगळ्या कारणांनी. वरच्या टोकाला १२०० डिग्रीच्या वर फार काळ राहिलं तर यिट्रियावाल्या झिर्कोनियाची बसवलेली रचना हळूहळू फुटायला लागते, शिवाय हवेतून आलेली धूळ, वाळू, ज्वालामुखीची राख याच सुमाराला वितळून काचेसारखी लेपाच्या भेगांत उतरते आणि गार झाल्यावर लेप आडमुठा होऊन तडकतो. खालच्या टोकाला तो ॲल्युमिनाचा थर वाढत असतो आणि त्याच्या खाली धातू. धातूच्या बाबतीत या क्षेत्रात एक ढोबळ ठोकताळा सगळे सांगतात, ब्लेडचा धातू ठरवल्यापेक्षा १०-१५ डिग्री जास्त तापला तर त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. दहा-पंधरा डिग्री म्हणजे काय हो, गिझरच्या पाण्यात सुद्धा आपल्याला धड कळत नाही. मग इंजिनवाले काय करतात, खात्री नाही म्हणून भरपूर मार्जिन ठेवतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवा थंडाव्यासाठी वळवतात. ती हवा कॉम्प्रेसरने इंधन जाळून दाबलेली असते, आणि काही इंजिनांत थंडाव्याचा एकूण वाटा पाचव्या हिश्शापर्यंत जातो. म्हणजे तापमान न कळण्याची किंमत रोज इंधनात मोजली जाते.

मग मोजा की थर्मोकपल लावून! दोन धातूंच्या तारा, एक टोक जोडलेलं, तापलं की बारीकसा व्होल्टेज मिळतो, १८२१ मध्ये झेबेकने पाहिलेली गोष्ट, आजही कारखान्यात सगळ्यात भरवशाची. पण इथे पंचाईत अशी की म्यानात घातलेलं बारीक थर्मोकपलसुद्धा अर्धा मिलिमीटर वगैरे असतं, म्हणजे ज्याचं तापमान बघायचंय त्याच्या दुप्पट जाड. ते बसवायला लेपात किंवा धातूत खाच पाडायची, खाच पाडली की तिथली उष्णता वेगळ्या वाटेने वाहणार, आणि आपण मोजणार खाचेचं तापमान. वर ब्लेड फिरतंय, तर तारा बाहेर कशा आणायच्या, स्लिप रिंग (फिरत्या भागातून सिग्नल बाहेर घेणारी कडी) नाहीतर वायरलेस, दोन्ही करतात, पण मोजक्या टेस्ट इंजिनांवर आणि मोजक्या जागी.

दुसरा जुना उपाय म्हणजे तापमानाप्रमाणे रंग बदलणारा पेंट. ब्लेडवर लावायचा, इंजिन काही मिनिटं पूर्ण जोरात चालवायचं, मग सगळं खोलून रंगांच्या पट्ट्या बघायच्या. आपण फोडणीच्या तेलात मोहरीचा एक दाणा टाकून बघतो ना, तडतडला म्हणजे तापलं, तसंच. पण तडतडलेली मोहरी पुन्हा अख्खी होत नाही, पेंट पण नाही, त्यामुळे जास्तीत जास्त किती तापलं एवढंच कळतं, कधी ते नाही. रंगसुद्धा टप्प्याटप्प्याने बदलतात, मधले आकडे अंदाजपंचे. आणि त्यातल्या काही पेंटमध्ये शिसं वगैरे असल्यामुळे युरोपात त्यांच्यावर बंधनं येत गेली.

तिसरा पायरोमीटर. लांबून बघायचं, वस्तू किती उजळतेय त्यावरून तापमान काढायचं, हात लावायला नको, फिरतं ब्लेड चालतं. धातूच्या ब्लेडवर हा चांगला चालला. लेप आला आणि गणित बिघडलं, कारण ते अमेरिकन डायमंडचं नातं. एका मायक्रॉनच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश, जो पकडायला वेगवान आणि स्वस्त डिटेक्टर मिळतात, त्याला हा लेप अर्धपारदर्शक दिसतो. म्हणजे पायरोमीटरला थोडा उजेड वरच्या थराचा येतो, थोडा मधल्या, थोडा खालच्या धातूचा, शिवाय समोरच्या तापलेल्या ज्वालेचा आणि शेजारच्या ब्लेडचा उजेड या पांढऱ्या लेपावर आपटून परत येतो. सगळ्याची खिचडी होऊन एक आकडा मिळतो, तो नेमका कुणाचा ते सांगता येत नाही. यावर तोड म्हणून लांब तरंगलांबीचे, १० मायक्रॉनच्या पुढचे पायरोमीटर वापरतात, तिथे झिर्कोनिया अपारदर्शक होतो आणि फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो. छान आहे, पण मग खंडाळाच दिसतो, खोपोली नाही. आणि खिडकीच्या काचेवर काजळी बसली की उजेड कमी, म्हणजे तापमान कमी असा खोटा आकडा.

आता जो उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो. बाहेरून थर्मामीटर लावण्यापेक्षा लेपालाच थर्मामीटर करायचं.

युरोपियम, डिस्प्रोशियम, अर्बियम, थुलियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या कलर टीव्हीत लाल रंग यायचा तो युरोपियममुळे. यिट्रियम रासायनिक स्वभावाने यांचाच भाऊबंद, त्यामुळे झिर्कोनियाच्या स्फटिकात यिट्रियमच्या जागेवर थोडं युरोपियम बसवलं तर ते गुपचूप बसतं, लेपाचा स्वभाव फारसा बदलत नाही. ही अट फार मोठी आहे, कारण मोजायच्या नादात लेपच कमकुवत झाला तर कुणी ते ब्लेडवर लावू देणार नाही. असा चमकणारा पदार्थ म्हणजे फॉस्फर, आणि फॉस्फरने तापमान मोजायची कल्पना नवीन नाही, पॉल नॉयबर्टने १९३७ मध्ये पेटंट घेतलं होतं. पण लेपातच ते मिसळायचं, वेगळा थर चिकटवायचा नाही, हे १९९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या चॉय, फाइस्ट आणि हेज यांनी मांडलं.

चालतं कसं. लेपावर लेझरचा एक क्षणभराचा झोत मारायचा. युरोपियम तो पितो आणि मग ६०६ नॅनोमीटरला, म्हणजे नारिंगी-लाल रंगात, चमकतो. लेझर बंद झाल्यावरही चमक लगेच जात नाही, विरत जाते. आपल्याला चमक किती आहे ते बघायचंच नाही, ती किती वेळात विरते तेवढं बघायचं. देवळातली घंटा आठवा. तुम्ही जवळ आहात की लांब, दार उघडं आहे की अर्धं लावलेलं, त्याने आवाज लहानमोठा होईल, पण नाद किती वेळ घुमतो ते घंटेचं घंटा ठरवते. तसंच खिडकीवर काजळी बसो, लेझर जरा मंद होवो, चमक कमी दिसेल पण विरायचा वेळ तोच राहील. पायरोमीटरची सगळ्यात मोठी डोकेदुखी इथे अर्ध्याहून जास्त गेली.

वेळ तापमानाप्रमाणे का बदलतो ते पण बघू. लेझर पिऊन युरोपियमचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. खाली यायला त्याला दोन वाटा आहेत, एक प्रकाश टाकून शांतपणे उतरायचं, दुसरी म्हणजे भोवतालच्या स्फटिकाच्या थरथरीत ती ऊर्जा मिसळून टाकायची, प्रकाश न देता. थंड असताना दुसरी वाट जवळपास बंदच असते. जसजसं तापतं तसतसा स्फटिक जोरात थरथरतो, दुसरी वाट रुंद होते, इलेक्ट्रॉन भराभर तिकडून सटकतात आणि चमक लवकर विझते. झिर्कोनियातल्या युरोपियमची चमक खोलीच्या तापमानाला मिलिसेकंदाच्या घरात टिकते, साधारण ५०० डिग्रीपर्यंत तिला फारसा फरक पडत नाही, त्याच्या पुढे मात्र ती झपाट्याने घसरते आणि ८००-९०० डिग्रीकडे जाताना मायक्रोसेकंदांची भाषा सुरू होते. उतार तीव्र म्हणजे थोड्या डिग्रींना पण वेळ चांगला बदलतो, मोजणाऱ्याला हेच हवं असतं. प्रयोगशाळेत काही डिग्रींच्या आत आकडा मिळतो.

फिरत्या ब्लेडचा एक गमतीशीर हिशोब आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दाभोळसारख्या केंद्रातलं मोठं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे, सेकंदाला ५०. ब्लेड मध्यापासून मीटरभर लांब धरलं तर त्याचा वेग येतो सेकंदाला ३१४ मीटर, आवाजाच्या वेगाच्या जवळपास. (जाता जाता, तिथे लेपाच्या एक ग्रॅमच्या तुकड्याला १० किलोच्या वजनाइतकी ओढ बसते, तरी तो चिकटून असतो, कमाल आहे.) आता चमक एक मिलिसेकंद टिकणार असेल तर तेवढ्यात ब्लेड ३१ सेंटिमीटर पुढे पळालं, कॅमेऱ्यासमोर शेजारचं ब्लेड आलं, मोजणार काय डोंबल. पण ब्लेड तापलेलं आहे म्हणून चमक १० मायक्रोसेकंदात विझते, आणि तेवढ्यात ब्लेड फक्त ३ मिलिमीटर सरकतं. म्हणजे तापणंच इथे मदतीला येतं. अर्थात फुकट नाही, दुसरी वाट रुंद झाली की प्रकाशसुद्धा कमी मिळतो, आणि ब्लेड स्वतःच लालभडक पेटलेलं असतं, त्या उजेडात ही मिणमिणती लाल चमक शोधायची म्हणजे दुपारच्या उन्हात काजवा शोधण्यासारखं.

म्हणून जास्त तापमानाला लोक निळ्याकडे वळतात. १२०० डिग्रीच्या आसपास तापलेली वस्तू ४५६ नॅनोमीटरच्या निळ्या रंगात ६०६ च्या लालपेक्षा साधारण ४०-५० पट कमी उजळते, हा प्लांकच्या सूत्राचा साधा हिशोब आहे, कॅल्क्युलेटरवर करून बघा. निळ्यात चमकणारा फॉस्फर घेतला की मागचा उजेड आपोआप मंद. थुलियम घातलेला यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट नावाचा स्फटिक असाच निळा चमकतो, आणि नासाच्या क्लीव्हलंडच्या ग्लेन संशोधन केंद्रातल्या जेफ्री एल्ड्रिज यांच्या गटाने तो लावलेलं स्थिर पातं जे-८५ जेट इंजिनाच्या आफ्टरबर्नरच्या (मागच्या टोकाला जास्तीचं इंधन जाळणारा भाग) ज्वाळेत धरून पृष्ठभागाचं तापमान मोजून दाखवलं. डिस्प्रोशियमचा प्रकार अजून वेगळा, त्याच्या दोन जवळजवळच्या वरच्या पायऱ्या असतात, तापेल तशी त्यातल्या वरच्या पायरीवर गर्दी वाढते, त्यामुळे दोन निळसर रेषांचं एकमेकींशी प्रमाण बघून तापमान निघतं, वेळ मोजायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, खोलीकडे. लेपभर सगळीकडे युरोपियम घातलं तर परत खिचडी, वरचं युरोपियम तापलेलं म्हणून लवकर विझणार, खालचं सावकाश, आणि डिटेक्टरला एकत्र येणार. म्हणून युरोपियम सगळीकडे घालायचंच नाही. लेप चढवताना आधी दहा मायक्रॉनचा एक पदर युरोपियमवाला, त्याच्यावर उरलेला सगळा साधा झिर्कोनिया. मग हिरवा लेझर मारला तर तो वरच्या साध्या थरातून आरपार जातो (अमेरिकन डायमंड पुन्हा, पण आता आपल्या बाजूने), तळातल्या पदराला चेतवतो, आणि तिथली लाल चमक त्याच वाटेने वर येते. खोपोलीचं तापमान, आणि तेही थेट बाँड कोटच्या डोक्यावरून. ज्या पारदर्शकपणाने पायरोमीटरला फसवलं त्याच पारदर्शकपणातून हे डोकावणं शक्य झालं, म्हणून तर मला हा भाग इतका आवडतो. डेव्हिड क्लार्क, आधी कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांता बार्बरा आणि नंतर हार्वर्ड, आणि त्यांच्या सहकारी मॉली जेंटलमन यांनी यावर बरंच काम केलं. वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळी मूलद्रव्यं घातली, तर प्रत्येकाचा रंग वेगळा असल्यामुळे कुठली चमक कुठल्या मजल्यावरून आली ते ओळखता येतं, आणि उताराची दोन-तीन ठिकाणं मिळाली की आत किती उष्णता झिरपतेय तेही काढता येतं.

याच पदराचा एक जोडधंदा पण आहे. लेप खालून सुटायला लागला की तिथे हवेची बारीक फट पडते आणि फट आरशासारखी प्रकाश परत वर फेकते, म्हणून तिथली चमक आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. अर्बियमवाल्या तळपदराने अशी सुटलेली जागा वरून काही दिसत नसताना चित्रात पकडता येते. म्हणजे पोपडा पडायच्या आधीच कळतं की इथे पडणार.

अडचणी संपल्यात असं नाही. झिर्कोनियात प्रकाश सरळ जात नाही, विखुरतो. विमानाच्या ब्लेडवर इलेक्ट्रॉन बीमने वाफ करून चढवलेला लेप उभ्या खांबांसारखा वाढतो, त्यात प्रकाश बऱ्यापैकी उतरतो, पण वीज केंद्राच्या मोठ्या ब्लेडवर प्लाझ्मा स्प्रेने मारलेला लेप असतो, तो पोळीच्या पदरांसारखा आडव्या थरांचा, त्यातल्या भेगांवर प्रकाश आपटत राहतो. मग लेझर जास्त जोराचा लागतो. टर्बाइनच्या जाड आवरणात भोक पाडून प्रोब घुसवायचा, त्याची काच थंड आणि स्वच्छ ठेवायची, हे सगळं टेस्ट इंजिनवर ठीक आहे, पण रोज वीज विकणाऱ्या केंद्राचा मॅनेजर अशा भोकाला सहजासहजी हो म्हणेल असं मला वाटत नाही, मी असतो तर म्हणालो नसतो.

म्हणून एक मधला मार्ग निघालाय. फॉस्फर असा घ्यायचा की ज्याची रचना तापल्यावर कायमची बदलते, जितकी जास्त तापली तितकी जास्त सुबक होते, आणि त्याप्रमाणे विरण्याचा वेळही कायमचा बदलून राहतो. म्हणजे परत मोहरी, पण ही मोहरी किती डिग्रीला तडतडली ते नंतर बारकाईने सांगणारी, रंगाच्या पट्ट्यांऐवजी सलग आकडे देणारी. इंजिनात भोक नको, तारा नकोत, फिरत्या ब्लेडच्या मागे लेझर घेऊन धावणं नको. टेस्ट झाली की ब्लेड काढायचं, ते पूर्ण गार झालेलं, टेबलावर ठेवलेलं, आणि हातातला लेझर प्रोब एकेका बिंदूवर टेकवत जायचं, बाजूला चहा ठेवून.